पेन्शनीनंतर वास्तव्य कोठे करावे?

(ज्युबिलीच्या निमित्ताने मिरजगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी वक्त्याने गतकालाचे स्मरण करावे असा प्रघात आहे, व ते कार्य माझ्यापूर्वी बोललेल्या वडीलधाऱ्यांनी उत्तम प्रकारे पार पाडले आहे. मजकडे चालकांनी विषय दिला तो पेन्शनीचा. प्रथम मला तो या प्रसंगास फारच रुक्ष वाटला. परंतु काल रात्रीच्या पंगतीत माझे मत पालटले. मुंबईहून आलेल्या एका बंधूने, येथे गुंठ्याचा भाव काय चालला आहे, असे मला विचारले. दुसऱ्याने, नगरास दोन खोल्या भाड्याने मिळतील काय, अशी चौकशी केली. तिसऱ्याने हलक्या आवाजात विचारले, "मुलगा पुण्याला ये म्हणतो, जावे काय?" तिघांचा प्रश्न एकच होता. नोकरी संपली अथवा संपत आली. आता उरलेले आयुष्य कोठे काढावे? ते गाव सुरक्षित असावे, खिशास परवडावे, आणि अगदीच उजाड नसावे, इतकेच त्यांचे मागणे होते.

मी चौतीस वर्षे पोस्टाच्या नोकरीत काढली, व त्यांतील बराच काळ खिडकीमागे बसून पेन्शन वाटण्यात गेला. त्या खिडकीतून मनुष्यस्वभावाचे जे दर्शन घडते, ते ग्रंथांतून घडेल असे मला वाटत नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास मंडळी येत. २०१४ सालापासून तो दाखला बोटाच्या ठशावर यंत्राने देण्याची सोय झाली. परंतु कष्टाने झिजलेली बोटे यंत्रास ओळखू येत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. असो. त्या खिडकीवर मला एक गोष्ट दिसली व तिने माझे या विषयावरील सर्व विचार उलटे केले. आरंभीची काही वर्षे नवरा येई. मग नवराबायको दोघे येत. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून चाले. आणि पुढे एके दिवशी ती एकटी येई. उलट क्रम मी क्वचितच पाहिला. नवरा वयाने मोठा असावयाचा ही आपली रीत, व बायका अधिक जगतात हा निसर्गाचा क्रम. दोहोंचा हिशेब मिळून बहुधा बाईच मागे राहते.

मात्र गाव निवडताना कोण निवडतो? पुरुष निवडतो, आणि आपल्या आठवणींवरून निवडतो. जेथे तो सीनेच्या पात्रात पोहला, जेथल्या बाजारात वडिलांचे बोट धरून हिंडला, तेथे त्यास परतावेसे वाटते. मीही याच दोषास पात्र आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्यासारखी कितीतरी घरे या कर्जत, जामखेड, आष्टीच्या भागातून बाहेर पडली. बाहेर गेलेल्या माणसाच्या मनात गाव जसे होते तसेच राहते. विहीर भरलेली राहते, आई ओट्यावर बसलेली राहते.

माझ्या थोरल्या बंधूंची हकीकत सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. ते एका कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांना गावी यावयाचे नव्हते. शहरात राहिलेल्या माणसाने शहरातच राहावे, असे त्यांचे मत होते. पुण्याबाहेर एका नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांनी जागा घेतली. इमारतीस लिफ्ट नव्हती म्हणूनच ती स्वस्त मिळाली. पुण्यास एके काळी पेन्शनरांचे शहर म्हणत, त्या नावाचीही त्यांना भूल पडली असावी. परंतु ते पुणे पेठांचे होते. तेथे भाजी, डॉक्टर व पोस्ट एकाच आळीत सापडे. ही वसाहत माळावर होती. पुढे तीनच वर्षांत बंधू निवर्तले. वहिनींचे गुडघे आधीच गेलेले. आठवड्यातून दोनदा त्या खाली उतरत. उतरताना कठडा धरून प्रत्येक पायरीवर थांबत. शेजारी सुस्वभावी होते, परंतु सकाळी सातास बाहेर पडत ते रात्री नवास परतत. एकदा मी गेलो असता त्या म्हणाल्या, "भाऊजी, इथं मला चोराचं भय नाही. पण मी पडले तर कुणाला कळेल हो?"

सुरक्षित गाव म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर मला अन्यत्र मिळाले नाही. आपण सुरक्षितता म्हटले की चोर व दरवडे यांचा विचार करतो. परंतु म्हातारपणी घात होतो तो ओल्या मोरीत, अंधाऱ्या जिन्यात, हमरस्ता ओलांडताना. आणि अलीकडे टेलिफोनवर. पोलिसाचा वेष करून, तुमच्या नावावर गुन्हा आहे असे सांगून, तासन्‌तास फोनवर अडकवून ठेवणारे व आयुष्याची पुंजी लुबाडणारे भामटे निघाले आहेत. त्यास 'डिजिटल अटक' असे भारदस्त नाव आहे, व कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. तसा प्रसंग आलाच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पण लक्षात घ्या, की असले भामटे एकट्या माणसाचा शोध घेतात. ज्या घरी दिवसातून दोनदा कोणी 'काय चाललंय?' म्हणून डोकावतो, तेथे हे जाळे टिकत नाही.

आता पैशाचे पाहू. येथेही बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण तो नवऱ्याच्या पेन्शनीवर मांडलेला असतो. १ जानेवारी २००४ पूर्वी केंद्र सरकारच्या नोकरीस लागलेल्या मनुष्यास शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. त्याच्या पश्चात पत्नीस काही वर्षे अधिक दर मिळाला तरी पुढे पगाराच्या ३० टक्के, म्हणजे मूळ पेन्शनीच्या पाच हिश्श्यांपैकी तीन हिस्से मिळतात. कारखान्यातील वा खासगी नोकरीतील मंडळींचे तर याहून कठीण. १९९५ च्या योजनेत विधवेस नवऱ्याच्या पेन्शनीच्या निम्मे मिळते. आणि ती पेन्शन तरी केवढी? किमान रक्कम २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरली, यावरून काय ते समजावे.

समजा, पेन्शन २०००० आहे व भाडे ६०००. नवरा म्हणतो, तिसऱ्या हिश्श्याहून कमीच आहे, परवडते. तो गेल्यावर पेन्शन १२००० होते व भाडे ६००० च राहते. मग निम्मी मिळकत भिंतींवर जाते. माणूस एक कमी झाला म्हणून भाडे कमी होत नाही, विजेचे बिल निम्मे येत नाही, आणि औषध तर वाढतेच. यास्तव गाव परवडते की नाही, हा हिशेब तिच्या मिळकतीवर मांडावा, व तो दोघांनी मिळून, ती लिहीत असता आणि त्याने सांगत असता मांडावा. कितीतरी बायांना नवऱ्याचे खाते कोणत्या कचेरीत आहे हे अंत्यविधीनंतर कळते, असे मी पाहिले आहे.

जी पुंजी हाती येते तिच्याविषयी माझ्या जुन्या धंद्याच्या अनुभवाने दोन शब्द. साठी उलटलेल्यांसाठी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाखांची झाली व व्याज ८.२ टक्के ठरले. दर तीन महिन्यांनी सरकार या दरांचा फेरविचार करते, म्हणून पैसे ठेवण्याच्या दिवशी दर विचारून घ्यावा. ८.२ टक्क्यांनी १० लाखांवर दर तिमाहीस २०५०० रुपये हाती येतात. खाते जोडीने उघडावे. म्हणजे एकाच्या पश्चात दुसऱ्यास ते पुढे चालवता येते. आणि जमिनीत सगळी पुंजी घालू नये. गुंठा विकून औषध आणण्यास वेळ लागतो.

घराच्या कागदाविषयी मला थोडे कठोर बोलणे प्राप्त आहे. खिडकीवर येणाऱ्या एका वृद्धेने पतीच्या मागे आपले घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले होते. अंगठा उठवताना तिने वाचून दाखवा म्हटले नाही. आपल्याच लेकरास काय विचारावयाचे? दोन वर्षांत ती त्याच घराच्या पडवीत आली. २००७ साली झालेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याच्या कलम २३ मध्ये यावर उपाय आहे. आईबापांचा सांभाळ करीन या अटीवर मिळकत घेऊन तो सांभाळ केला नाही, तर ते देणे रद्द करवता येते. परंतु ती अट दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली असावी, नाहीतर सिद्ध करण्याचा खटाटोप पडतो. दाद प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे मागावयाची. आपल्या भागाचे प्रांत कर्जतास आहेत. मुलांवर अविश्वास दाखवा असे मी सांगत नाही. घर जिवंतपणी देऊ नका, मृत्युपत्राने द्या, व तोवर पत्नीचे नाव त्यावर असू द्या, एवढेच माझे सांगणे आहे. ज्या बंधूने पुण्यास जावे काय असे विचारले त्यांस मी म्हणालो, मुलाच्या गावी जा, शक्य तर त्याच्या आळीत जा; पण आपली चूल व आपली किल्ली वेगळी ठेवा.

आता गावांची तुलना करू. येथे मी स्वतः काय केले ते सांगतो, कारण त्यावरून आपल्या गावातील काही मित्रांनी माझी थट्टा चालवली आहे व ती एकदाची चव्हाट्यावर आलेली बरी.

मला मिरजगावास यावयाचे होते. येथे भाडे हलके, बाजार पायाखाली, सोलापूर रस्त्यावरचे ठिकाण असल्याने एस. टी. ची वाण नाही. पत्नी म्हणाली, "आधी राहून पाहू, आणि उन्हाळ्यात पाहू." ही अक्कल मला सुचली नसती. मनुष्य गाव पाहावयास जातो तो पाऊस उतरल्यावर, गणपतीच्या सुमारास, जेव्हा बांध हिरवे असतात व कोणतेही गाव साजरे दिसते. आम्ही एप्रिल व मे येथे चुलतभावाच्या घरी काढले. निमगाव गांगर्ड्याचे सीना धरण जवळ आहे खरे, पण आपला मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस चुकला की हंड्यांची रांग ठरलेली. ज्या जिल्ह्यात फादर हर्मन बाखर यांनी उघड्या माळांवर पाणी अडवण्याचे कार्य उभे केले, व १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यासाठी स्वतंत्र संस्था काढली, तेथील माणसास पाण्याचा प्रश्न प्रथम विचारा असे सांगावे लागू नये. तरी मी तो विचारला नव्हता. त्या दोन महिन्यांत मला चिंता पाण्याची पडली, तर पत्नीस दुसरीच. एके रात्री ती म्हणाली, "अहो, इथं सगळे तुमचे. मला सगळे 'अमक्याची बायको' म्हणून ओळखतात. तुम्ही गेल्यावर रात्री दोन वाजता मी कुणाचं दार वाजवू?"

मी गप्प राहिलो. मला उत्तर सुचले नाही.

मग आम्ही नगराचा विचार केला. २०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले असले तरी आपल्या तोंडी नगरच आहे. जिल्हा रुग्णालय आहे, साल्व्हेशन आर्मीचे बूथ हॉस्पिटल आहे, भिंगारास लष्कराची छावणी आहे, पुणे सव्वाशे किलोमीटरांच्या आत. भाडी पुण्याच्या मानाने पुष्कळ कमी. ज्यास हृदयाचा वा मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे, त्याने फार विचार न करता नगरास राहावे. सत्तरी उलटलेल्या प्रत्येकास, मिळकत कितीही असो, वर्षास ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत झाली आहे. परंतु ते कार्ड योजनेत नाव असलेल्या इस्पितळातच चालते. तेव्हा घर पाहण्यापूर्वी, असे इस्पितळ किती अंतरावर आहे ते पाहावे. १०८ क्रमांकाची गाडी बोलावल्यास येते, पण तिला अंतर तोडावेच लागते. कर्जतास उपजिल्हा रुग्णालय आहे, तेही मिरजगावकरांनी विसरू नये.

नगरास तरी आमचे कोण होते? कोणीच नव्हते. पत्नीच्या दोघी बहिणी श्रीरामपुरास आहेत. तिचे माहेर तिकडचेच. प्रवरेचा कालवा, संत लूक रुग्णालय, दौंड-मनमाड मार्गावरील रेल्वे, जिचे स्टेशन 'बेलापूर' या नावाने आहे व त्यामुळे नवख्या पाहुण्यांची नवी मुंबईच्या बेलापूराशी गल्लत होते. आपल्या समाजाची वस्ती मोठी. आणि हरेगाव जवळ. माझ्या मनात हे गाव कधी आलेच नव्हते, कारण ते माझे नव्हते. परंतु मागे राहणारी ती आहे हे एकदा मान्य केल्यावर मला पळवाट उरली नाही. आम्ही श्रीरामपुरास तळमजल्यावरील दोन खोल्या घेतल्या. बहिणीचे घर चार दारे सोडून आहे. येथे मित्र म्हणतात, पोस्टमास्तर साठीत घरजावई झाले. खुशाल म्हणा. पहिल्या महिन्यात मलाही वाईट वाटले. संध्याकाळी मी कोणाशी बोलू, हा प्रश्न होता. त्या तिघी बोलत व मी कालव्यापर्यंत चालत जाऊन परत येई. आता चौकात एक निवृत्त गुरुजी भेटले आहेत, ते माझ्याहून जास्त बोलतात.

मिरजगाव तुटले असेही नाही. स्त्रियांस मार्च २०२३ पासून एस. टी. चे अर्धे तिकीट आहे, मला पासष्टीमुळे अर्धे. पंचाहत्तरी गाठली की २०२२ च्या योजनेने मुळीच पडणार नाही. मोफत प्रवासाच्या वयात बसची पहिली पायरी किती उंच वाटते, हे ज्याने योजना काढली त्याने चढून पाहिले नसावे; पण तक्रार करण्याचे कारण नाही. रेल्वेने तर वृद्धांची सवलत मार्च २०२० मध्ये बंदच केली.

याचा अर्थ मिरजगाव वाईट असा कोणी घेऊ नये. ज्यांच्या पत्नीचे माहेर या पंचक्रोशीत आहे, जिच्या मैत्रिणी येथे विहिरीवर व मिस्साला तिच्यासोबत वाढल्या, तिला श्रीरामपुरास अथवा पुण्यास नेणे हा तितकाच अन्याय होईल. येथील हलक्या भाड्यात ती पाच हिश्श्यांपैकी तीन हिस्से पेन्शनीवर मानाने राहील. घर मात्र हमरस्त्याच्या अलीकडचे घ्यावे, म्हणजे दुधासाठी व देवळासाठी तिला ट्रकांच्या रांगेतून जावे लागणार नाही. आणि पाण्याची टाकी मोठी बांधावी.

एक गोष्ट मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे, व ती मला या धर्मग्रामाच्या तरुणांस विशेष करून सांगावयाची आहे. शेजारच्या जामखेडास डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आले. त्यांनी गावोगावच्या साध्या, बहुधा निरक्षर बायांस आरोग्याचे शिक्षण दिले, व त्या बाया दारोदार जाऊन चौकशी करू लागल्या. १९७९ साली त्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. इस्पितळही त्यांनी उभारले. परंतु मुख्य काम झाले ते दार ठोठावणाऱ्या त्या बायांच्या पायांनी. आपल्याकडे असे काही करण्यास पैसा लागत नाही. एक वही लागते. धर्मग्रामात एकटी राहणारी वृद्ध माणसे किती, त्यांच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे, त्यांचे औषध कोणते, मुलाचा फोन कोणता, एवढे त्या वहीत लिहावे. रविवारी मिस्साला जी आजी दिसली नाही, तिच्या दारी सोमवारी सकाळी कोणीतरी जावे. ती चहा देईल, तो प्यावा. घाई करू नये. अशी वही मिरजगावात निघाली व पाच वर्षे चालली, तर मुंबईच्या त्या बंधूस गुंठ्याच्या भावापूर्वी मी त्या वहीची माहिती देईन. माझ्या पत्नीच्या प्रश्नाला उत्तर देणारे असे काही त्या उन्हाळ्यात येथे असते, तर कदाचित आज मी येथे पाहुणा म्हणून उभा नसतो.

चालकांनी घड्याळ दाखवले आहे. येत्या सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेस आपल्यापैकी पुष्कळ जण येतील. परतीच्या वाटेवर आमच्या घरी अवश्य यावे. जागा लहान आहे, पण चहाची सोय चांगली आहे. फोन करून येऊ नये, कारण अनोळखी क्रमांक आमची मंडळी हल्ली उचलत नाही. सरळ कडी वाजवावी.